फर्नेस ऑइलच्या टाक्यांवरचे आवरण

कच्च्या तेलातून पेट्रोल, रॉकेल आणि डिझेल वेगळे काढले की तळाला काळे, दाट तेल उरते. बॉयलर, भट्ट्या आणि जहाजे यांत जळणारे फर्नेस ऑइल मुख्यतः याच अवशेषातून तयार होते. ते स्वस्त असते आणि उष्णता भरपूर देते. पण थंड झाले की घट्ट होऊन पंपाला दाद देत नाही. म्हणून साठवणीच्या टाकीत वाफेच्या नळ्या घालून ते ऊन ठेवावे लागते, आणि ती ऊब पत्र्यातून निसटू नये यासाठी टाकीला बाहेरून आवरण घालावे लागते. कारखान्यात त्याला लॅगिंग किंवा नुसते इन्सुलेशन म्हणतात. पोलादाला लागून खनिज लोकरीचा काही इंच जाडीचा थर, तो धरून ठेवणारी जाळी व पट्ट्या, आणि सर्वांत वर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा अशी त्याची साधारण रचना असते. हे आवरण कसे घालावे आणि कसे राखावे याचे नियम आज अनेक देशांच्या संहितांत आहेत. गंमत अशी, की आवरण ज्या इंधनबचतीसाठी घालतात, तिचा या नियमांच्या जन्माशी फारसा संबंध नाही. आग, कामगारांची फुप्फुसे आणि गंज या तीन वाटांनी ते संहितांत शिरले, आणि बहुतेक वेळा नुकसान होऊन गेल्यावर.

या तेलाचा व्यापार सुरू झाला तो बाकूमध्ये. पेनसिल्व्हेनियाच्या मानाने बाकूच्या कच्च्या तेलातून रॉकेल कमी निघे आणि अवशेष पुष्कळ उरे. रशियन लोक त्याला मझूत म्हणत. सुरुवातीला ते जमिनीतल्या उघड्या खड्ड्यांत साचवत, नाहीतर जाळून टाकत. कॅस्पियन समुद्रावरच्या आणि व्होल्गा नदीतल्या आगबोटींना लाकूड व कोळसा महाग पडू लागला, तेव्हा हाच टाकाऊ पदार्थ इंधन म्हणून वापरात आला. व्लादिमिर शुखॉव्ह या तरुण अभियंत्याने वाफेच्या झोताने मझूतचा फवारा उडवणारा बर्नर तयार केला आणि साठवणीचा प्रश्नही हाती घेतला. त्याने बांधलेल्या टाक्या गोल, रिव्हेट ठोकलेल्या लोखंडी पत्र्याच्या होत्या. पातळ तळ थेट वाळूच्या थरावर टेकलेला, आणि भिंतीचा पत्रा खाली जाड व वर पातळ, कारण तेलाचा दाब खाली जास्त असतो. आज तेलाच्या कोणत्याही साठ्यावर दिसणारी उभी टाकी मूळ कल्पनेत याच टाकीची वंशज आहे. दाट तेल तापवून पातळ केले तर नळातून नेता येते, हेही बाकूतच पक्के झाले.

सरकारी कायद्यांना त्या काळी या तेलाची फिकीर नव्हती. त्यांचे लक्ष रॉकेलवर होते, कारण घरोघरी दिव्यांचे स्फोट होत. ब्रिटनमध्ये 1862 साली पहिला पेट्रोलियम कायदा झाला आणि ज्या तापमानाला तेलाची वाफ पेट घेते तो प्रज्वलनांक कायद्याचे माप ठरला. 1879 मध्ये फ्रेडरिक एबल याची बंद भांड्यातली चाचणी स्वीकारून ही मर्यादा 73 अंश फॅरनहाइट करण्यात आली. भारतातले कायदे याच मुशीतून निघाले. 1934 च्या पेट्रोलियम कायद्याने व त्याखालच्या नियमांनी 76 अंश फॅरनहाइटखाली पेट घेणारे ते धोकादायक आणि 150 अंशांच्या पुढचे ते जड पेट्रोलियम अशी विभागणी केली. 1970 च्या दुरुस्तीने तिच्या जागी अ, ब, क असे वर्ग आणले: 23 अंश सेल्सियसखालचे पहिल्या वर्गात, 23 ते 65 दुसऱ्यात आणि 65 ते 93 तिसऱ्यात. भारतीय मानकाप्रमाणे फर्नेस ऑइलचा प्रज्वलनांक किमान 66 अंश असावा लागतो; म्हणजे ते जेमतेम एका अंशाने सर्वांत सौम्य वर्गात बसते.

या वर्गवारीत एक खोट होती. ती तेलाच्या स्वभावावर बेतलेली होती, ते ज्या स्थितीत ठेवले जाते त्यावर नव्हे. साध्या हवेत निरुपद्रवी असणारे जड तेल टाकीत तापवले, की ते आपल्या प्रज्वलनांकाच्या जवळ किंवा त्याच्याही पुढे जाऊ शकते. त्याला आवरणाची जोड मिळाली की उष्णता आतच कोंडते. तापवलेल्या तेलाला नेहमीची वर्गवारी लागू पडत नाही, त्याची वेगळी काळजी घ्यावी, अशी तरतूद संहितांत नंतर आली.

पहिल्या महायुद्धाआधीच्या वर्षांत जड तेलाला एकदम राजकीय वजन आले. ब्रिटिश आरमाराने 1912 च्या कार्यक्रमात निव्वळ तेलावर चालणाऱ्या क्वीन एलिझाबेथ वर्गाच्या युद्धनौका मंजूर केल्या, आणि 1914 च्या उन्हाळ्यात ब्रिटिश सरकारने अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनीत बहुमताचा हिस्सा घेतला. त्यामागोमाग बंदराबंदरांत इंधन तेलाच्या टाक्या उभ्या राहिल्या. थंड देशांत टाकी तापवल्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि तापवायची तर झाकायलाही हवी होती.

झाकण्याचे साहित्य तयारच होते, कारण वाफेच्या इंजिनांवर ते आधीपासून वापरले जात होते. न्यूयॉर्कच्या हेन्री वॉर्ड जॉन्स याने 1858 मध्ये अ‍ॅस्बेस्टॉसचे छपराचे साहित्य विकायला सुरुवात केली होती. त्याची कंपनी 1901 मध्ये मॅनव्हिलच्या कंपनीत मिळून जॉन्स-मॅनव्हिल झाली. पेनसिल्व्हेनियातल्या अँब्लर गावी कीझबी अँड मॅटिसन ही मूळची औषधांची कंपनी. तिथे मॅग्नेशियम कार्बोनेट तापलेल्या नळाला घट्ट चिकटून बसते हे लक्षात आले आणि त्यातून पंच्याऐंशी टक्के मॅग्नेशिया व उरलेला अ‍ॅस्बेस्टॉसचा तंतू असे मिश्रण बाजारात आले. पुढे अर्धशतकभर बॉयलर, नळ आणि टाक्या झाकण्याचे हे ठरलेले साहित्य होते. ठोकळे कापून बसवत, सांधे त्याच भुकटीच्या ओल्या लगद्याने लिंपत, वर कापड ताणून रंग देत. लगदा कालवण्याचे, ठोकळे करवतीने कापण्याचे आणि जुने आवरण फोडून काढण्याचे काम हाताने होई, आणि प्रत्येक टप्प्यावर धूळ उडे.

त्या धुळीची किंमत कळायला फार वेळ लागला असे म्हणता येत नाही. कळूनही काही करायला मात्र फार वेळ लागला. इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या नेली केरशॉ या अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यातल्या कामगार स्त्रीचा 1924 मध्ये मृत्यू झाला आणि तिच्या फुप्फुसांची तपासणी वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. 1930 मध्ये मेरीवेदर आणि प्राइस यांनी ब्रिटिश सरकारला अहवाल दिला, आणि पुढच्याच वर्षी अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगासाठी नियम झाले. पण ते प्रामुख्याने अ‍ॅस्बेस्टॉस तयार करणाऱ्या कारखान्यांसाठी होते. गोदीत, वीजकेंद्रात, तेलाच्या साठ्यावर जाऊन आवरण घालणारा लॅगर त्यांच्या बाहेर राहिला. त्याला पुरते संरक्षण मिळायला 1969 चे नवे नियम यावे लागले. त्याआधी 1964 मध्ये न्यूयॉर्कचे डॉक्टर अर्व्हिंग सेलिकॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आवरण घालणाऱ्या 632 कामगारांच्या संघटनेतल्या नोंदी तपासल्या, आणि त्यांच्यात फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू अपेक्षेच्या कितीतरी पट असल्याचे दाखवून दिले. अमेरिकेत 1970 च्या दशकात अ‍ॅस्बेस्टॉसच्या आवरणावर एकामागून एक निर्बंध आले.

टाक्यांच्या देखभालीच्या दृष्टीने याचा परिणाम मोठा झाला. तोवर आवरण उखडून खालचा पत्रा पाहणे हे हमालीचे काम होते. आता जुन्या टाकीचे आवरण उघडण्याआधी त्यात अ‍ॅस्बेस्टॉस आहे का याची चाचणी, असल्यास बंदिस्त मांडव, ओले करून काढणे, सीलबंद पिशव्या आणि कचऱ्याची वेगळी विल्हेवाट असा सरंजाम लागू लागला. साहजिकच मालकांचा कल आवरण न उघडण्याकडे झुकला. कामगारांना वाचवणाऱ्या नियमाने नकळत पोलादाची तपासणी महाग करून ठेवली. भारतात सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी दीर्घकाळ जपण्याचे आणि त्यांना विमा देण्याचे निर्देश दिले. सरसकट बंदी मात्र इथे आलेली नाही.

नवे साहित्य दगडी लोकर, काचलोकर आणि कॅल्शियम सिलिकेट यांचे होते. वितळलेल्या धातुमळीवर वाफेचा झोत सोडून लोकर काढण्याची युक्ती एकोणिसाव्या शतकातली. काचलोकरीचा मोठा धंदा 1930 च्या दशकात अमेरिकेत उभा राहिला. कॅल्शियम सिलिकेटच्या ठोकळ्यांतही सुरुवातीची कित्येक वर्षे मजबुतीसाठी अ‍ॅस्बेस्टॉस मिसळत, त्यामुळे नुसता ठोकळा पाहून तो निर्धोक ठरवता येत नाही. या साऱ्या साहित्याचा एक समान दोष म्हणजे ते पाणी आणि तेल दोन्ही पिते. तेलाने भिजलेली लोकर गरम पत्र्याला लागून राहिली, की तंतूंवर पसरलेले तेल हवेशी संयोग पावून आपोआप तापत जाते आणि आतल्या आत धुमसू लागते. म्हणून व्हॉल्व्ह, फ्लँज आणि मापनाच्या झडपेभोवती तेलाने माखलेले आवरण दिसले की ते काढून बदलावे, आणि गळतीच्या जागी द्रव न पिणारे फेसाळ काचेचे ठोकळे वापरावेत, अशी रीत पडली.

आगीच्या संहितांनी आवरणाकडे अगदी वेगळ्या बाजूने पाहिले. टाकीखाली किंवा शेजारी आग लागली, की आतले तेल उकळून वाफ होते आणि ती बाहेर पडायला पुरेसे मोठे तोंड नसेल तर टाकी फुटते. हे तोंड केवढे असावे याचे कोष्टक अमेरिकेच्या राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेच्या तिसाव्या क्रमांकाच्या संहितेत आहे. 1971 मध्ये अमेरिकी सरकारच्या कामगार सुरक्षा नियमांनी तेच कोष्टक उचलले. त्यात सूट आहे: टाकीवर मान्य प्रतीचे आवरण असेल तर तोंडाची क्षमता हिशेबाच्या तीन-दशांश चालते. कारण उघड आहे. आवरण आगीची उष्णता आत जाऊ देत नाही.

पण ही सूट मिळवायची तर आवरण आगीतही जागेवर राहिले पाहिजे. अग्निशामक दलाच्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने ते निखळता कामा नये, आणि बाहेरचा पत्रा सुमारे 904 अंश सेल्सियसला पोचला तरी त्याने ठरावीक मर्यादेपलीकडे उष्णता आत सोडता कामा नये. अ‍ॅल्युमिनियम 660 अंशांना वितळते. म्हणजे आपल्याकडे सर्रास दिसणारा चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा ऊन-पावसाला उत्तम असला, तरी अशा आगीत तो सर्वांत आधी गळून पडेल आणि त्यामागची लोकर पाण्याच्या माऱ्याने वाहून जाईल. आगीच्या हिशेबात आवरण धरायचे असेल तर वरचा पत्रा आणि पट्ट्या पोलादाच्या हव्यात. याहून महत्त्वाचा मुद्दा देखभालीचा आहे. ज्या टाकीचे तोंड आवरण गृहीत धरून लहान ठेवले आहे, तिचे आवरण फाटले, सुटले किंवा दुरुस्तीला काढून पुन्हा बसवलेच नाही, तर ती टाकी त्या दिवसापासून नियमबाह्य होते, भले ती बाहेरून कितीही धडधाकट दिसो. नकाशावरची ही अट आणि साठ्यावरचा फिटर यांची गाठ क्वचितच पडते, आणि या विषयातली सर्वांत दुर्लक्षित गोष्ट बहुधा हीच असावी.

तापवलेले जड तेल सौम्य नसते हे 19 डिसेंबर 1982 रोजी व्हेनेझुएलातल्या टाकोआ इथे दिसले. कॅराकसजवळच्या या वीजकेंद्राच्या इंधन तेलाच्या टाकीचा, दोन कामगार तेलाची पातळी मोजायला गेले असताना, पहाटे स्फोट झाला. जड तेल आहे, जळून संपेल, अशा समजुतीने बघे, पत्रकार आणि अग्निशामक आसपास थांबले. सुमारे सहा तासांनी जळत्या थराची उष्णता तळाच्या पाण्यापर्यंत पोचली, पाण्याची एकदम वाफ झाली आणि पेटते तेल टाकीबाहेर उसळून उतारावरून वाहत गेले. दीडशेहून अधिक माणसे मेली. तेल किती तापवावे, तळाचे पाणी वेळच्या वेळी कसे काढावे आणि तापमापकांवर नजर कशी ठेवावी, या साध्या वाटणाऱ्या गोष्टी किती गंभीर आहेत हे तेव्हा जगाला कळले.

1973 च्या तेलसंकटाने आवरणाची जाडी वाढवली. तेलाचा भाव काही महिन्यांत जवळपास चौपट झाला, आणि ज्या टाक्या, नळ व भांडी उघडीच होती त्यांच्यावरही घाईघाईने आवरण चढले. घाईच्या कामात खालच्या पोलादाला धड रंग दिला गेला नाही. दहा वर्षांनी त्याचे बिल आले. 1983 मध्ये अमेरिकेत आवरणाखालच्या गंजावर पहिला मोठा परिसंवाद भरला, आणि तोवर सुट्या अपघातांसारखा वाटणारा प्रकार हा एक सार्वत्रिक रोग असल्याचे स्पष्ट झाले.

या गंजाची रीत सोपी आहे. पत्र्याच्या सांध्यातून पाणी आत जाते, लोकर ते धरून ठेवते आणि ऊन पोलादाला लागून ते महिनोन्महिने तसेच राहते. वरचा पत्रा चकचकीत असतो, म्हणून कोणाला संशय येत नाही. साध्या पोलादाला हा धोका उणे 12 ते 175 अंश सेल्सियस या पट्ट्यात असतो. पोलाद याहून तापले तर पाणी टिकत नाही, फार थंड असले तर क्रिया मंदावते. फर्नेस ऑइलची टाकी साधारण 50 ते 80 अंशांवर ठेवतात, म्हणजे गंजाला मानवणाऱ्या नेमक्या पट्ट्यात.

टाक्यांच्या नियमित तपासणीची संहिता मात्र वेगळ्याच घटनेतून आली. 2 जानेवारी 1988 रोजी पेनसिल्व्हेनियातल्या फ्लोरेफ इथे डिझेलची एक टाकी उभी फाटली. सुमारे चाळीस वर्षे जुनी टाकी दुसऱ्या शहरात सुटी करून इथे पुन्हा जोडली होती. जुन्या पत्र्यातल्या एका दोषापासून चीर निघाली. अडतीस लाख गॅलनांहून अधिक तेल सांडले आणि त्यातले साडेसात लाख गॅलनांच्या आसपास मोनोंगाहेला नदीत गेले. नवी टाकी कशी बांधावी याचे मानक अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटकडे 1936 पासून होते, बांधलेली टाकी कशी सांभाळावी याचे नव्हते. ते 653 क्रमांकाचे मानक 1991 मध्ये निघाले. टाकीची बाहेरून नेहमीची पाहणी महिन्याच्या आत एकदा आणि पात्र निरीक्षकाकडून पाच वर्षांच्या आत एकदा व्हावी असे ते सांगते. आवरण असलेल्या टाकीबद्दल त्यात एकच सावध वाक्य आहे: भिंतीची आणि छताची स्थिती कळण्यापुरतेच आवरण काढावे. किती काढल्यावर स्थिती कळते, हे निरीक्षकाच्या अनुभवावर सोपवलेले आहे. ही मोकळीक वाजवी असली तरी कंजूष मालकाला ती सोयीचीही आहे. ती उणीव भरून काढायला 1998 मध्ये गंजतज्ज्ञांच्या अमेरिकी संघटनेची शिफारस आली, आणि 2014 मध्ये पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने आवरणाखालच्या गंजावर स्वतंत्र मार्गदर्शिका काढली.

मुंबईत थंडी नाही, मग इथे आवरण कशाला, असा प्रश्न पडू शकतो. तुर्भ्याला 1954 मध्ये स्टँडर्ड-व्हॅक्यूमचा आणि 1955 मध्ये बर्मा-शेलचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला, तेव्हा ते आयात कच्च्या तेलावर चालत, आणि त्यातून निघणारे फर्नेस ऑइल 20 अंशांच्या आसपास गोठे. मुंबईच्या हवेत ते निदान ओतण्याजोगे राही. 1974 मध्ये बॉम्बे हाय सापडले आणि 1976 पासून तिथले तेल येऊ लागले. या तेलात गंधक कमी पण मेण पुष्कळ. त्याच्या अवशेषाला बाजारात एलएसएचएस (लो सल्फर हेवी स्टॉक) म्हणतात, आणि ते 70 अंशांच्या आसपासच गोठते. म्हणजे ऐन मे महिन्यातही ते मुंबईत घट्टच असते. टाकीतून ते काढायचे तर रात्रंदिवस वाफ चालू ठेवावी लागते, आणि आवरण इथे बचतीची नव्हे तर चालू राहण्याचीच अट होते.

अशा टाकीच्या वाट्याला वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस आणि समुद्राची खारी हवा येते. त्यामुळे देखभालीच्या नियमांतली बारीकसारीक कलमे इथे जास्तच लागू पडतात. वरच्या पत्र्याची कड खालच्या पत्र्यावर यावी, म्हणजे पाणी बाहेर निथळेल. शिडीचे आधार, तापमापकाची नळी आणि मॅनहोल जिथे आवरण भेदून बाहेर येतात, तिथली सीलबंदी दर पावसाळ्याआधी तपासावी, कारण पाणी हमखास तिथूनच शिरते. तळाजवळ काही इंचांचा पट्टा उघडा सोडावा, नाहीतर लोकर जमिनीवरचे पाणी वर ओढून घेते. छतावरून चालण्याची वाट आखलेली असावी. पाय पडून पोचा आलेल्या पत्र्यात पाणी साचते. भिजलेली लोकर वाळण्याची वाट न पाहता बदलावी. यातले बरेचसे 1994 च्या भारतीय मानक 14164 मध्ये आवरण घालण्याच्या संदर्भात येते, तर टाक्यांच्या तपासणीचे मानक, क्रमांक 129, तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाचे आहे. हे संचालनालय भोपाळ दुर्घटनेनंतर 1986 मध्ये स्थापन झाले.

फर्नेस ऑइलचा काळ आता ओसरतो आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2017 मध्ये उत्तर प्रदेश, हरियाणा आणि राजस्थानात त्याच्या वापरावर बंदी घातली, आणि 1 जानेवारी 2020 पासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा 0.5 टक्क्यांवर आली. गॅस पोचलेल्या भागांत अनेक बॉयलर गॅसवर गेले आणि त्यांच्या टाक्या निकामी उभ्या राहिल्या. वाफ बंद झालेली टाकी थंड असते, तिच्या आवरणात शिरलेले पाणी मग वाळतच नाही, आणि तिच्याकडे पाहायला कोणी जात नाही. अशी टाकी पुन्हा वापरात येण्याची शक्यता असेल तर आतून स्वच्छ करून तिचे आवरण उतरवून ठेवणे, आणि जुने असेल तर त्याआधी अ‍ॅस्बेस्टॉसची चाचणी करून घेणे, हाच तिला वाचवण्याचा त्यातल्या त्यात स्वस्त मार्ग आहे.